न मेलेल्या माणसांचे ढीग

माझा आजा सेवकराम हिमालय पाहून आला होता, आणि ही गोष्ट त्यानं मरेपर्यंत कोणाला विसरू दिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो हिमालयात जायचा. "तठी मीठ मिरत नोहोतं तरी आमी चढत होतो," असं म्हणून ताट सारायचा आणि हात धुवायचा. आजी ताट उचलताना पुटपुटायची, "तठीच राह्यले असते त बरं झालं असतं."

खरं काय ते सांगते. तरुणपणी घरी भांडून तो गोंदियाहून गाडीत बसला आणि भटकत भटकत गढवालकडे मोजणीच्या एका तुकडीत खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. साहेबाच्या मागून पेट्या आणि साखळ्या वाहायच्या, आणि साहेब दुर्बिणीला डोळा लावील तेव्हा समोरच्या टेकाडावर झेंडी धरून उभं राहायचं, एवढं त्याचं काम. बर्फाची शिखरं त्यानं पाहिली, नाही असं नाही. पण आपण अंगणातून चंद्र पाहतो तशी. बर्फाला त्याचा पाय एकदाही लागला नव्हता. हे मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. त्याला एकदा ताप चढला होता तेव्हा त्यानंच बडबडताना सांगितलं, आणि ताप उतरल्यावर साफ नाकारलं.

जर्मनच्या लढाईच्या थोडं आधी तो परत आला. येताना पायांना गुंडाळायच्या दोन खाकी पट्ट्या, एक शिट्टी आणि भलीमोठी अक्कल घेऊन आला. पट्ट्या लवकर विरल्या, शिट्टी हरवली. अक्कल मात्र अखेरपर्यंत टिकली. चावडीवर बसून तो हिंदीत ऐकवायचा, "रास्ता वही, जो दूर से दिखे!" पहाडाशी कसं वागावं, कुठं दम घ्यावा, पाय आडवा कुठं टाकावा, हे तो अशा लोकांना शिकवायचा, जे रोज डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पहाडी उतरत होते. लोक ऐकून घ्यायचे. आमच्या बोरटोल्यात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून, धारेहून आले, असं प्रत्येक पोवार छाती काढून सांगतो. त्यातला एकही धारेला जाऊन आलेला नसतो. आजा निदान गढवालला तरी जाऊन आला होता, म्हणून त्याचा ताठा इतरांपेक्षा वीतभर जास्त.

बोरटोला धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये वसलेलं. सालेकसा स्टेशनापासून बैलगाडीनं आत यावं लागतं. गावामागं भुरी पहाडी. ती काही हिमालय नव्हे, पण चढणाऱ्याचा घाम काढते आणि वाघ तिच्यात तेव्हाही होता, आताही आहे. पहाडीच्या पलीकडे आंबाटोला. तिकडे जायला एकच धड वाट: नाल्याच्या पात्रातून वर, मग बिजाच्या झाडांतून तिरपं, कड्याखालच्या अरुंद पट्टीवरून खिंडीत, आणि खिंडीतून पलीकडे उतार. सकाळी पेज पिऊन निघालेला माणूस उन्हं डोक्यावर यायच्या आत आंबाटोल्यात पोचतो. ही वाट सोडली तर पहाडीला वळसा घालून नदी ओलांडायची, म्हणजे गाडीनं दोन दिवस; आणि पावसाळ्यात नदी भरली की तीही वाट बंद.

या वाटेवर कधी कोणी खूण केली नव्हती. गरज नव्हती. चारजण मिळून मोठ्यानं बोलत जायचे, बाया मोहफुलं आणि चारोळी वेचायला याच वाटेनं वर जायच्या, लेकी याच वाटेनं माहेरी यायच्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वाघानं माणूस नेला की त्या जागी दगडांचा ढीग रचतात. त्या माणसाला धड चिता मिळालेली नसते, म्हणून तो तिथंच अडकून बसतो असं लोक धरून चालतात. येणारा-जाणारा प्रत्येकजण ढिगावर एक दगड ठेवतो, हात जोडतो आणि मागं न पाहता पुढं जातो. पोटुशी बाई अशा ढिगाजवळून जात नाही. दाई गेलीच तर त्याला मान देऊन जाते, कारण तिच्या हातांवर जन्म असतो आणि मेलेल्याला त्याचा हेवा वाटतो. हे आमच्यात दुधपित्या पोराला ठाऊक असतं. माझ्या आज्यालाही ठाऊक होतं. लहानपणी त्यानंही असे दगड ठेवले होते.

तरी त्यानं जे केलं ते केलं.

माझी आई वच्छला त्याची एकुलती लेक. तिला आंबाटोल्याच्या नंदलालचं स्थळ आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा नाकासमोर चालणारा. आजी, म्हणजे कुंता, मात्र अडून बसली.

"पहाडीपल्याड पोरगी द्याची नाही. उद्या आजारी पडली त कोन जाईल?"

"मी असा रस्ता करून देतो का आंधरा बी जाईल," आजा म्हणाला. "सकारी निंघशीन, पोरीच्या हातचा भात खाशीन आन दिवस बुडाच्या आंदी घरी येशीन."

"रस्ता त हायेच."

"थो रस्ता नोहोय. थे ढोराची वाट होय. हिमालयात..."

आजी उठून आत गेली, आणि आज्यानं तो होकार समजला.

फाल्गुनात शेताचं काम नसताना तो एकटाच पहाडीवर जाऊ लागला. कोणाला सांगितलं नाही. वरातीच्या दिवशी सगळ्यांना थक्क करायचं होतं ना! गढवालकडे म्हणे वाट दाखवायला ठिकठिकाणी दगडांवर दगड रचतात; धुक्यात माणूस एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जातो आणि चुकत नाही. आज्यानं तसेच पाच ढीग केले. पहिला नाल्यातून वर चढल्यावर, मग बिजाच्या झाडांत दोन, चौथा कड्याखाली आणि पाचवा खिंडीच्या तोंडाशी. खाली रुंद, वर निमुळते, अगदी बेतशीर. प्रत्येकाच्या माथ्यावरच्या दगडाला चुना फासला. त्याच्या मनात असं होतं की वाघाचा ढीग गबाळा असतो आणि त्यावर चुना नसतो, तेव्हा हा सरकारी पद्धतीचा ढीग आहे हे कोणीही ओळखेल. सरकारी पद्धत बोरटोल्यात कोणी पाहिली होती? पण हा प्रश्न त्याला पडला नाही. स्वतःला सोडून बाकी जग अडाणी आहे असं एकदा ठरवलं, की असे प्रश्न पडत नाहीत.

चैतात बाया मोह वेचायला वर गेल्या आणि किंचाळत खाली आल्या. पहाडीत पाच ढीग! ताजे! म्हणजे पाच माणसं!

गावात मोजदाद झाली. गावातलं कोणीच कमी भरेना. दुसऱ्या गावचे लोक असते तर ते निवांत झाले असते, पण आमच्या लोकांना मेलेला माणूस सापडेपर्यंत चैन पडत नाही. मग आठवलं की बांगड्यावाला कासार यंदा आला नाही. एक मिळाला. संक्रांतीला धुनी लावून बसलेला बैरागी न सांगता निघून गेला होता. दुसरा मिळाला. आंबाटोल्याकडून कोणाचा तरी नातलग यायचा होता तो आला नव्हता. असं करत करत पाचही ढिगांना पाच माणसं लागली. लोक वर गेले, त्यांनी दगड ठेवले, चुन्यावर शेंदूर थापला, पहिल्या ढिगापाशी कोंबडा कापला आणि तिथंच रांधून खाल्ला.

आज्याला हे कळलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग चावडीवर गेला. तिथं केवलराम बसला होता. गावच्या देवांचं करणारा तोच, आणि त्याच्या शब्दापुढं कोणी जात नसे.

"अरे येड्याहो," आजा म्हणाला, "थे ढीग मी केले."

"तुमी?" केवलरामनं विचारलं. "मंग वाघानं नेलं कोनाले?"

"कोनालेच नाही."

"मंग ढीग काऊन केला?"

"रस्ता दिसावा म्हून."

"रस्ता त दिसूनच राह्यला होता."

लोक हसले. आज्याचं डोकं फिरलं. त्यानं हिमालय काढला, धुकं काढलं, साहेब काढला. केवलरामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेवकरामभाऊ, शाना मानूस उगाच दगड वाहत नाही. तुमी केले असं तुमाले वाटून राह्यलं. मेलेल्यानं तुमच्या हातानं करून घेतले. त्याईले कोनी नोहोतं ना करनारं."

ज्यानं ढीग रचले त्यालाच सांगितलं गेलं की त्याला त्यातलं काही कळत नाही. खरं तर त्याच दिवशी वर जाऊन पाचही ढीग गुपचूप मोडून टाकता आले असते. लोक चार दिवस ओरडले असते आणि विसरले असते. पण मोडायचे म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं. त्यापेक्षा त्यानं आंबाटोल्याला निरोप धाडला: वरात पहाडीवरूनच आणा, ढीग दिसतील तसे तसे या.

मुलीचा बाप मेलेल्यांच्या ढिगांवरून वरात बोलावतो, हे ऐकून आंबाटोल्याच्या लोकांनी कानाला हात लावले. वरात नदीच्या वाटेनं आली, मुहूर्त टळून गेल्यावर आली, आणि तोवर रांधलेलं अन्न आंबलं होतं. आजा मात्र खिंडीत पायांना विरलेल्या पट्ट्यांच्या चिंध्या बांधून वरातीची वाट पाहत दिवसभर बसला होता. लेकीच्या हळदीला बाप हजर नव्हता. आई सासरी गेली तीही नदीच्या वाटेनं, रडत.

त्यानंतर बायांनी पहाडीची वाट सोडली. पुरुष जायचे ते पाच-सहा मिळून, डफडं वाजवत, आणि प्रत्येक ढिगाशी थांबून. लेकी माहेरी येईनाशा झाल्या. आंधळाही जाईल असा रस्ता करणार होता माझा आजा. त्यानं डोळसांचाही बंद केला. आजीनं लेकीच्या हातचा भात एकदाही खाल्ला नाही.

दिवाळीनंतर आईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण पोटुशी बाई ढिगांजवळून आणायची कशी? नदीच्या वाटेनं आणू, असं दोन्हीकडून ठरलं. मग नांगरणीची घाई आली, मग सासूला बरं नव्हतं, मग बैल दुखावला. आज जाऊ, उद्या जाऊ करताना पाऊस लागला आणि नदीनं डोंगे बांधून ठेवायला लावले. आजी रोज पहाडीकडे तोंड करून उभी राहायची. आज्याशी ती लेकीच्या लग्नापासूनच बोलत नव्हती.

श्रावणात एका सकाळी नंदलाल, म्हणजे माझा बाप, दोन माणसांसह पहाडी उतरून धापा टाकत आला. अंगावर चिखल, गुडघे फुटलेले.

"मामाजी, तिचं पोट पहाटपासून दुखून राह्यलं. आमची दाई पावन्यात गेली, नदीपल्याड अटकली. तुमच्या मुन्नीबाईले पाठवा. लवकर."

मुन्नीबाई दाईच्या हातून अख्खा बोरटोला जन्मला होता. ती धानाच्या बांधीत काम करत होती. चिखलाचे हात तसेच घेऊन आली. तिनं नाही म्हटलं नाही, हे मी आधी सांगते, कारण पुढं लोकांनी तिलाही बोल लावला. ती फक्त एवढं म्हणाली, "येतो ना. वच्छला माह्याच हातची पोरगी होय. पन पाचही जागी नारळ आन अगरबत्ती घ्या. ह्या हातानं तसंच गेली त पोरीलेच भोवंल."

नारळ घ्यायला किती वेळ लागतो? केवलरामच्या घरी नारळ होतेच. पाच जागी पाच नारळ फोडले असते आणि उन्हं कलायच्या आत माणसं आंबाटोल्यात असती. पण माझ्या आज्याला त्या घडीला वाद जिंकायचा होता.

"खाली कोनी नाही!" तो ओरडला. "म्या सोता रचले! पोरगी मरून राह्यली आन तुमाले नारळ पायजे?"

"भाऊ, तुमी म्हनल्यानं मेलेले उठून जात नाही," मुन्नीबाई म्हणाली.

"चाल, तुले दाखवतोच."

गावातले दोघं-तिघं आणि डफडंवाला सोबत घेऊन सगळे निघाले. आजी मागं राहिली. निघताना ती कित्येक महिन्यांनी नवऱ्याशी बोलली. "तुमचा हिमालय चुलीत घाला," ती म्हणाली, "पन दाईले पोचवा."

पहिल्या ढिगाशी पोचताच आज्यानं कोणाला कळायच्या आत ढिगाला लाथ घातली. मग दोन्ही हातांनी दगड उपसून फेकू लागला. "पाहा! पाहा काय हाये ते!" आणि दगडांखालून हाड निघालं.

कोंबड्याचं हाड! याच लोकांनी गेल्या साली चैतात इथं कोंबडा खाऊन हाडं दगडांत खोचली होती. पण ओरडायला सुरुवात झाली की कोण हाड निरखून बघतो? दोघं उलट्या पावली पळाले. डफडंवाला डफडं टाकून गेला. मुन्नीबाई चार पावलं मागं सरली आणि तिथंच बसली. आता पाच नारळांनी भागणार नव्हतं. मेलेल्याच्या उरावर लाथ पडली होती.

नंदलालनं सासऱ्याचे पाय धरले. "मामाजी, आता केवलरामभाऊ म्हनतीन तसं करा."

खाली माणूस गेला, केवलरामला घेऊन आला. आज्याला फेकलेला एकेक दगड परत गोळा करून रचावा लागला. ओल्या जमिनीवर नाक घासावं लागलं. पाच कोंबडे आणवले, पाच नारळ आणवले. हिमालय पाहून आलेला माझा आजा स्वतःच रचलेल्या ढिगासमोर कान धरून उठाबशा काढत, ज्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि जो मेलाही नव्हता त्याची माफी मागत होता. मग दुसरा ढीग. मग तिसरा. प्रत्येक जागी केवलरामचं सावकाश म्हणणं, प्रत्येक जागी ओलं लाकूड धुमसणं, आणि घाई करा असं म्हणायची आता कोणाची छाती नव्हती. चौथ्या ढिगाशी पाऊस आला. पाचव्याशी तो थांबायची वाट पाहिली.

आंबाटोल्यात पोचले तेव्हा गुरं घरी परतत होती. मी जन्मले होते. शेजारणीनं नाळ कापून मला फडक्यात गुंडाळलं होतं. आईचं रक्त थांबत नव्हतं आणि ते कसं थांबवायचं हे तिथल्या कोणाला येत नव्हतं. मुन्नीबाईनं हात न धुता कामाला लागून पाहिलं, पोट दाबून पाहिलं, मग हळूच हात काढून घेतले. "घडीभर आंदी आलो असतो त..." एवढंच ती म्हणाली. आईनं आपल्या बापाला, म्हणजे आज्याला, ओळखलं आणि विचारलं, "माय नाही आली?"

मला आजीनं वाढवलं. पाऊस सरल्यावर नदीच्या वाटेनं मला बोरटोल्याला आणलं आणि बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्यात त्याची चूक म्हणत नाही. घरात बाई लागते.

आज्याचं पुढं काय झालं ते ऐका. तो गप्प झाला असेल, खचला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. छे! तो ढिगांचा सर्वांत मोठा भक्त झाला. दर चैतात वर जाऊन शेंदूर लावायचा. पाच माणसांची नावं-गावंसुद्धा सांगू लागला. कासाराला वाघानं कसं पाठीमागून धरलं, बैरागी कसा शेवटपर्यंत चिमटा वाजवत होता! शिकारीला आलेल्या एका गोऱ्या साहेबाला त्यानं पाचही ढीग दाखवले, अंगावर काटा येईल अशा गोष्टी सांगितल्या, आणि साहेबानं ढिगाशेजारी त्याला उभं करून फोटो काढला. सगळ्या मुलखात एकच माणूस होता ज्याला पक्कं ठाऊक होतं की तिथं कोणी मेलेलं नाही, आणि तोच आता छाती ठोकून सांगत होता की मेलं. का, ते मला मोठी झाल्यावर कळलं. ढिगांखाली खरोखर कोणी असेल तर दाईचं थांबणं खरं होतं आणि त्यात त्याचा दोष नव्हता. लेकीचा जीव स्वतःच्या माथी येऊ नये म्हणून त्यानं पाच परक्यांना मारून टाकलं.

मला त्याची लाज वाटायची. सांगायला संकोच नाही.

माझं लग्न ठरलं तेही आंबाटोल्यातच, बापाच्या ओळखीत. लग्नाआधी मी हट्ट धरला की आई जिथं गेली ते घर मला पाहायचं आहे, आणि पहाडीवरूनच जायचं आहे. आजीनं मुरमुरे आणि गूळ बांधून दिला. सोबत आजा आला. पट्ट्या नव्हत्या, तर धोतराच्या चिंध्या त्यानं पायांना गुंडाळल्या होत्या.

पहिल्या ढिगाशी तो थांबला, दगड ठेवला. "हा कासार," म्हणाला. ढीग आता माझ्या खांद्याइतका झाला होता. दुसऱ्याशी, "हा बैरागी." तिसऱ्याशीही त्यानं असंच नाव घेतलं. चौथ्याशी मात्र मला राहवेना.

"आबाजी, हे तुमीच केले ना?"

"हाव. पन कासार मंग कधी आलाच नाही ना बाई."

"थो आमगावले दुकान टाकून बसला. माह्या हातातल्या बांगड्या त्याच्याच होत."

तो चढत राहिला. पाचव्या ढिगाशी, खिंडीच्या तोंडाशी, त्यानं दगड उचलला, पण नाव घेतलं नाही.

"हा कोनाचा?" मी मुद्दाम विचारलं.

दगड ठेवत तो म्हणाला, "तुह्या मायचा."

"मायले वाघानं नाही नेलं."

"नाही."

"मंग?"

"मंग कोनानं नेलं, थे तुले मालूम हाये."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. राग आला. आपण चुकलो, हेच त्या दिवशी पहिल्या ढिगाशी म्हणाला असता, हेच चावडीवर म्हणाला असता! मी वरचा शेंदराचा दगड ओढला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला.

"वरून नोको काढू," आजा म्हणाला. "वरचा हालला का सप्पा दगड पायावर येतेत. बाजूनं काढ. खालून दुसरी रांग. हिमालयात..."

"चूप बसा!"

तो खरंच चूप बसला. मग गुडघे टेकून त्यानं बाजूनं एक दगड काढला, मग दुसरा. मी दुसऱ्या अंगानं लागले. ढीग हळूहळू बसत गेला. अगदी आत, इतक्या वर्षांच्या दगडांखाली, चुना फासलेला दगड निघाला. शेंदराखाली चुना अजून पांढरा होता. आज्यानं तो धोतरानं पुसला, थोडा वेळ मांडीवर धरला आणि दरीत फेकला. तो दगड आपटत आपटत खाली जाताना आम्ही दोघंही ऐकत होतो. मग त्यानं मला आंबाटोल्याची वाट दाखवली, जी मला समोर दिसतच होती.

उरलेले चार काढायचं त्याच्यानं झालं नाही. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. लोकांनी खिंडीतली मोकळी जागा पाहिली तेव्हा केवलरामनं सांगितलं की पाचव्याला सुटका मिळाली. तिथं आता कोणी दगड ठेवत नाही. बाया तिथं बसून घोटभर पाणी पितात. इतकं साधं होतं ते.

यंदा मला सातवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर म्हणजे आजी. सासू म्हणते नदीच्या वाटेनं जा, पाऊस लागायला अजून वेळ आहे. मी म्हटलं, पहाडीवरूनच जाईन. नवरा दोन दिवस चिडला, मग म्हणाला, मी येतो सोबत. मी म्हटलं, या, पण पहार तुम्ही धरा, मला आता वाकवत नाही. चार ढीग आहेत. दगड वरून काढायचे नाहीत, बाजूनं काढायचे, एवढं मला ठाऊक आहे.